२४ तारखेपासून शाळा उघडायची म्हणताहेत, गावातल्या झेडपी शाळेत नेमकं काय काय करावं लागेल?

माणदेशी_बाप

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका छोट्या गावातला, पोरगी झेडपीच्या शाळेत दुसरीला आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून मला घेतलंय, दुसरं कोणी तयार होईना म्हणून. तर सरकारनं आता जाहीर केलंय की कोविडमुळं बंद पडलेल्या शाळा २४ जानेवारी २०२२ पासून सुरू करता येतील पण निर्णय ज्यानं त्यानं आपल्या आपल्या ठिकाणी घ्यायचा, आणि शनिवारी आमची बैठक आहे. १ डिसेंबरला कुठं पहिली ते चौथीचे वर्ग भरायला लागले होते, पोरं जरा एका जागी बसायला शिकली तोवर १० जानेवारीला कोविडच्या ओमिक्रॉन प्रकारामुळं परत कुलूप. माझ्या पोरीची अख्खी पहिली शाळेचं तोंड न बघता झाली, पास पण झाली, वाचता मात्र येत नाही.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक सर एक मॅडम, पट ३६. पुढं व्हरांडा आहे, आवारात मोठा कडुलिंब आहे. खिडक्या आहेत पण एका बाजूच्या कपाटांनी झाकल्यात आणि दुसऱ्या बाजूच्या कधी उघडल्याचं कुणाला आठवत नाही. ग्रामपंचायत म्हणते फवारणी करून देतो, पायानं दाबायचं सॅनिटायझरचं स्टँड देतो, ताप बघायची बंदूक आहेच. निम्मे पालक म्हणतात लवकर उघडा, निम्मे म्हणतात आम्ही संमतीपत्रावर सही करणार नाही, उद्या पोराला काय झालं तर जबाबदार कोण. मला त्यातलं राजकारण नकोय. एवढंच सांगा की उघडायची तर कशाला खरा अर्थ आहे आणि काय नुसतं फोटोपुरतं आहे.

वातायन

माझं काम कारखान्यातली हवा खेळती ठेवायचं आहे, एक्झॉस्ट, डक्ट वगैरे, डॉक्टर नाही. फोटोपुरतं काय ते आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. फवारणी करू नका. बाक पुसून घ्या, हात साबणानं धुवा, ते कोविड नसतानाही करायलाच पाहिजे, पण अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, एप्रिल २०२१ मध्येच सांगितलंय की पृष्ठभागाला हात लागून लागण व्हायची शक्यता साधारण दहा हजारात एकापेक्षा कमी. ताप बघायची बंदूक पण तशीच, कारण बऱ्याच मुलांना ताप येतच नाही आणि कपाळावर ऊन पडलं की सगळ्यांनाच येतो.

हा आजार हवेतनं पसरतो. आपल्याच केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं २० मे २०२१ ला पत्रक काढलं होतं, त्यात स्पष्ट लिहिलंय की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात पण बारीक कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे तुमच्या खोलीत सहा फुटावर बसवा नाहीतर दहा फुटावर, खिडक्या बंद असतील तर सगळे एकमेकांचा श्वासच घेणार.

तेव्हा शनिवारच्या बैठकीआधी एक काम करा, ती कपाटं हलवा. खिडक्या गंजल्या असतील तर लोहाराला बोलवा, लागतील ते पाचपन्नास रुपये द्या. समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या पाहिजेत, एकाच बाजूच्या चार खिडक्यांपेक्षा समोरासमोरच्या दोन बऱ्या. मग खोलीच्या मधोमध उदबत्ती लावून बघा धूर कुठं जातोय. सरळ बाहेर पडत असेल तर उत्तम, वर जाऊन छताखाली रेंगाळत असेल तर एका खिडकीत टेबल फॅन ठेवा आणि त्याचं तोंड बाहेर करा. आत नाही, बाहेर. तो आतली हवा ओढून बाहेर टाकतो आणि दुसऱ्या बाजूनं ताजी आपोआप येते. नुसता छताचा पंखा बंद खोलीत आहे तीच हवा ढवळतो.

कोणाकडं कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर मिळालं तर अजून सोपं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो, वर्ग भरल्यावर ८०० च्या आत राहिला तर हवा ठीक, हजाराच्या वर गेला की कुणाच्या तरी फुफ्फुसातली हवा तुम्ही परत घेताय. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतात ती घेऊ नका, त्यातली बरीचशी नकली असतात, सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला तरी आकडा उडी मारतो.

खडू_डस्टर

वातायन सर बरोबर बोलले पण मी शिक्षक म्हणून दोन गोष्टी सांगते ज्या बैठकीत कोणी बोलत नाही. जुलै २०२१ चा शासन निर्णय आठवतोय का, आठवी ते बारावीसाठी, गाव महिनाभर कोविडमुक्त पाहिजे, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती, एका बाकावर एक मूल, दोन बाकात सहा फूट, वर्गात जास्तीत जास्त पंधरा-वीस. कागदावर छान. आता पहिलीच्या पोराला सहा फुटावर बसवून दाखवा. ते पेन्सिलला टोक करून मागायला येणारच, रडायला लागलं की जवळ घ्यावंच लागतं, आणि सुटीत सगळी एकाच नळावर. शिवाय शाळेत सहा फूट आणि संध्याकाळी हीच पोरं एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. म्हणून अंतराचा हट्ट सोडा, हवेचा धरा, हे मला पटतं.

आम्ही डिसेंबरात काय केलं ते सांगते. दोन वर्ग व्हरांड्यात, एक झाडाखाली, आत फक्त एक आणि तोही आलटून पालटून. परिपाठ मैदानातच. पाढे आणि कविता सक्तीनं बाहेर, कारण पहिली-दुसरीची पोरं पाढे म्हणतात म्हणजे ओरडतातच, आणि मोठ्यानं बोललं की कण जास्त बाहेर पडतात म्हणे. वाचन-लेखन आत. फळा बाहेर न्यायची अडचण होते, आम्ही व्हरांड्याच्या भिंतीचा एक पट्टा काळा रंगवून घेतला, काम झालं. जानेवारीत सकाळचं ऊन बरंच वाटतं. मार्चनंतर तुमच्याकडं माणात काय होईल ते मात्र तुम्हीच बघा, तेव्हा सकाळची शाळा लागेल.

दुसरी गोष्ट. लॉकडाऊनमध्ये आम्हाला सर्व्हेला पाठवलं, नाक्यावर उभं केलं, आणि आता परत "शिक्षकांमुळं मुलांना होईल" असं ऐकायचं. तुमच्या सर-मॅडमना दोन्ही डोस झालेत का एवढं विचारा, पण विचारताना नीट विचारा. आणि त्यांना चांगले एन-९५ मास्क समितीनं घेऊन द्या, स्टँडच्या पैशातनं. दिवसभर बोलणारा माणूस तोच असतो वर्गात.

दोन_पिलांची_आई

सगळे उघडा उघडा म्हणताय म्हणून लिहिते. आमच्या घरी सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. मुलगा तिसरीत. त्याला सर्दीच होईल मला माहितीये, पण तो घरी येऊन आजोबांच्याच मांडीवर बसतो. मी संमतीपत्रावर सही केली नाही तर मी मागासलेली ठरते, आणि केली तर उद्या काही झालं की "तुम्हीच सही केली होती". त्या कागदाचा उपयोग शाळेला आहे, मला काय? आणि न येणाऱ्या मुलांचं काय करणार हे कुठल्याच पत्रकात नसतं. मागच्या वेळी सांगितलं की ऑनलाइन सुरू राहील, आणि शाळा भरल्यावर त्याच बाईंना दोन्ही जमेना, ऑनलाइन आठवड्यात बंद.

प्राआकेंद्र

प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, सध्या रोजच्या रांगा बघतोय, म्हणून थोडक्यात.

ताई, तुमची भीती खरी आहे, पण तिचं उत्तर मुलाला घरी ठेवणं एवढंच नाही. आजोबांचे दोन डोस झाले असतील आणि दुसऱ्याला नऊ महिने उलटले असतील तर १० जानेवारी २०२२ पासून ६० वर्षांवरच्या, इतर आजार असलेल्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, सुरू झालाय, तो लगेच घ्या, डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारून. मूल घरी आलं की आंघोळ-कपडे याला फार महत्त्व नाही, रुग्णसंख्या जास्त आहे तेवढे दोन-तीन आठवडे आजोबांच्या खोलीत मास्क, खिडकी उघडी आणि मांडी बंद. अवघड आहे, मलाही माहितीये. आणि अशा घरातल्या मुलांना मुभा द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल समितीनं ठराव करावा.

मुलांबद्दल. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) चौथा सिरो सर्व्हे, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी बघायची पाहणी, जून-जुलै २०२१ ला झाला, त्यात ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडी सापडल्या, १० ते १७ मध्ये ६१.६ टक्के. म्हणजे शाळा बंद असतानाच निम्म्याहून जास्त मुलांना होऊन गेला होता, घरातनंच. त्याच वेळी आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गव म्हणाले होते की उघडायच्या तर प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात. आपण बरोबर उलटं केलं, मोठ्यांचे वर्ग आधी आणि पहिली सगळ्यात शेवटी. पंधराच्या वरच्यांना ३ जानेवारी २०२२ पासून लस मिळतेय, तुमच्या चौथीपर्यंतच्यांना इतक्यात नाही, पण त्यांच्यासाठी लशीची वाट बघत बसायची गरज नाही, आजूबाजूच्या मोठ्यांनी घेतली तरी बराच फरक पडतो.

मास्क: पाच वर्षांपर्यंत नको. सहा ते अकरा, मुलाला नीट वापरता येत असेल तर आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली. झाडाखाली बसलेल्या पहिलीच्या पोराच्या हनुवटीवरचा मास्क वर करण्यात सरांची ताकद घालवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक मूल पॉझिटिव्ह निघालं तर काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवा. तेव्हा ठरवायला गेलात तर घाबरून शाळा बंदच होते. त्या मुलाला घरी ठेवायचं, त्याच गटातल्यांवर लक्ष ठेवायचं, कोणाला लक्षणं आली तर टेस्ट, बाकीचा वर्ग चालू. सर्दी-खोकला-ताप असेल तर शाळेत पाठवायचं नाही आणि हजेरीवरून बोलायचं नाही. आया आजारी पोराला का पाठवतात, कारण त्यांना रोजंदारीला जायचं असतं. आशाताईंचा नंबर प्रत्येक घरी द्या.

ऱ्हाइनकाठी

इकडे जर्मनीत, कोलोनजवळ राहतो, मुलगी प्राथमिक शाळेत. इथली गंमत सांगतो. २०२० च्या हिवाळ्यात नियम होता दर वीस मिनिटांनी सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या तीन ते पाच मिनिटं, बाहेर शून्य अंश, मुलं जाकीट-टोप्या घालून वर्गात. तेव्हाच्या चान्सेलर मर्केल बाई म्हणाल्या थंडी वाजली तर जरा उठाबशा काढा, त्यावर इथे खूप चेष्टा झाली. मग डिसेंबरमध्ये बंदच केल्या शाळा, म्हणजे खिडक्यांनी सगळं सुटतं असं नाही, आजूबाजूला फार पसरला की अवघड होतं.

मे २०२१ पासून आमच्या राज्यात प्राथमिकच्या मुलांची लॉलीपॉप टेस्ट असते. आठवड्यात दोनदा प्रत्येकानं कापसाची काडी तीस सेकंद चोखायची, सगळ्या वर्गाच्या काड्या एकाच नळीत, एकच पीसीआर. निगेटिव्ह आलं तर सगळे मोकळे. पॉझिटिव्ह आलं तरच एकेकाचं बघायचं. नाकात काडी नाही म्हणून मुलं रडत नाहीत. पण या महिन्यात ओमिक्रॉननं इतक्या नळ्या पॉझिटिव्ह यायला लागल्यात की लॅबलाच झेपत नाहीये. तुमच्याकडे झाड आहे, ऊन आहे, आमच्याकडे लॅब आहे, खरं सांगायचं तर जानेवारीत मी झाड घेतलं असतं.

वातायन

शहरातल्या एसी शाळांना कोणीतरी हे सांगा राव. काचा बंद, स्प्लिट एसी चालू, दारात सॅनिटायझरचं मशीन. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. माणातल्या दोन खोल्या त्यापेक्षा सुरक्षित करता येतील, फुकटात.

माणदेशी_बाप

सगळ्यांचे आभार. आज सरांशी बोललो, कपाटं हलवायला ते तयार आहेत पण म्हणाले कपाटामागं मधमाश्यांचं पोळं आहे की काय ते आधी बघू. उदबत्तीचा प्रयोग शनिवारी सगळ्यांसमोर करून दाखवतो, सरपंचांना स्टँडपेक्षा तेच जास्त पटेल असं वाटतंय.

जे पालक उघडा म्हणताहेत ते का म्हणताहेत तेही लिहितो. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला गेलीत, शाळा बंद म्हणून या वर्षी पोरं पण बरोबर नेली. जी राहिलीत त्यांच्यात एका घरात एक फोन, तो बाप घेऊन जातो. सप्टेंबरमध्ये पेपरात आलं होतं बघा, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ वगैरेंनी १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत सर्व्हे केला, खेड्यातली नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं फक्त ८ टक्के आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आमच्याकडं आठ टक्के पण नसतील.

आता अडचण अशी की दुपारी आमच्याकडं लाइट नसते, मग तो बाहेर तोंड केलेला टेबल फॅन काय कामाचा? आणि डब्याचं काय, शाळेतल्या जेवणाऐवजी अजून शिधाच घरी देतायत त्यामुळं पोरं डबा आणतील.

खडू_डस्टर

डबा बाहेर, झाडाखाली, गोल करून नाही तर ओळीत पाठीला पाठ लावून. मास्क तेव्हाच सुटतो सगळ्यांचा आणि बडबड पण तेव्हाच. किंवा सरळ तीन तासांची शाळा करा, डबाच नको, आम्ही पहिला महिना तेच केलं.

वातायन

लाइट जायच्या वेळेला वर्ग बाहेर घ्या आणि लाइट असेल तेव्हा आत, वेळापत्रकच तसं लावा. तुमच्या भागातलं भारनियमनाचं कोष्टक सरांकडं असेलच. मधमाश्या असतील तर संध्याकाळी जाणकाराला बोलवा, धूर करून स्वतः काढायला जाऊ नका.

दोन_पिलांची_आई

संमतीपत्राचं कोणी बोललंच नाही.

प्राआकेंद्र

ताई, त्यात "जबाबदारी पालकांची" असं वाक्य असेल तर समितीला ते काढायला सांगा, आणि त्याऐवजी मूल आजारी असताना पाठवणार नाही एवढंच लिहून घ्या. घरात डायलिसिस, कॅन्सर, ट्रान्सप्लांट असं कोणी असेल तर तसं लिहायला खाली एक ओळ ठेवा, म्हणजे त्या मुलांसाठी आठवड्यातनं एकदा सर किंवा मॅडम दारात येऊन अभ्यास देतील. ३६ पटात अशी दोन-तीनच घरं निघतील, जमतं ते.