गिअर उतरवताना रेस द्यायची की नाही?

तिसरा गिअर (धागा सुरू करणारा)
गाडी शिकलो तेव्हा शिकवणाऱ्यांनी एकच मंत्र दिला होता: क्लच दाब, गिअर टाक, क्लच हळू सोड. १२ वर्षं तसंच चालवलं. पण वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकला की गाडी नाक खुपसायची आणि मागे बसलेली आई पुढच्या सीटची पाठ धरायची. बोलायची काही नाही. नुसती धरायची.

गेल्या सहा महिन्यांत सवय बदलली. क्लच दाबलेला असतानाच, दुसरा पडता पडता, एक्सिलेटरला हलकी टिचकी मारतो. रेस वर गेली की क्लच सोडायचा. गचका नाही. हिशोब साधा आहे. माझ्या गाडीसारख्या छोट्या गाडीत ४० च्या वेगाला तिसऱ्यात इंजिन साधारण १९५० आरपीएमवर (मिनिटाला १९५० फेरे) असतं. त्याच वेगाला दुसऱ्यात ते २८०० वर हवं. आणि क्लच दाबल्यावर ते जात असतं खाली, ८००-९०० कडे. ही तफावत कुणीतरी भरायला हवी ना? तुम्ही रेस दिली नाहीत तर चाकंच इंजिनाला ओढून वर नेतात आणि मधल्या मधे घासली जाते ती इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी क्लचप्लेट. रेस न देता गिअर उतरवणं ही सरळसरळ चूक आहे, आणि हे पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवं.

ग्रीसचे हात
पहिल्या आठवड्यात! बरं.

मी आजवर ज्या जळक्या क्लचप्लेटी उतरवल्या, त्यांच्या मालकांशी बोललोय. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी तोलून धरणारे. डावा पाय सदान्‌कदा क्लचवर टेकवून बसणारे. निघतानाच ३००० ची रेस देणारे. "रेस न देता दुसरा टाकला म्हणून प्लेट गेली" असा एकही भेटला नाही. गिअर उतरवताना प्लेट घासते ती सेकंदभर. चढावर हाफ क्लचवर उभे असता तेव्हा सिग्नल सुटेपर्यंत घासते.

आणि वेग कमी करायला ब्रेक दिलाय. ब्रेकपॅड बदलायला चाक काढावं लागतं, क्लचप्लेट बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. काय झिजवायचं ते तुम्हीच ठरवा.

शिकवणीवाला
नव्या माणसाला तीन पेडल आणि दोन पाय हाच हिशोब जुळत नाही. त्याला वळणाच्या तोंडाशी उजवा पाय ब्रेकवरून उचलून टिचकी मारायला सांगू? गाडी कुठे जाईल?

तुमचेच आकडे घेऊ. ४० ला दुसऱ्यात २८०० लागतात, म्हणजे २० ला लागतात १४००. आधी ब्रेकने वेग उतरवा, मग दुसरा टाका, क्लच हळू सोडा. भरून काढायला तफावत उरतेच किती? तुमचा गचका रेस न दिल्याचा नव्हता. तुम्ही घाईने गिअर उतरवत होतात.

तिसरा गिअर
वळणापुरतं मान्य, हा हिशोब माझ्या डोक्यात आला नव्हता. पण लांब उतारावर काय कराल? तिथे गिअर उतरवायचा तो इंजिनाने गाडी रोखून धरावी म्हणून. इंजिन चढ्या आरपीएमवर असेल तरच ते रोखतं. आधी ब्रेक मारमारून २० वर या म्हणाल, तर ते ब्रेक तापू नयेत म्हणूनच तर खटाटोप. ओव्हरटेकचंही तेच. चौथ्यातून तिसरा टाकायचा तो पुढे झेपावण्यासाठी, त्याआधी वेग कमी कोण करतं?

दहाचाकी
उताराबाबत धागेवाल्यांना माझं मत. बाकी "चूक" वगैरे शब्द जपून वापरा.

मी शिकलो त्या ट्रकच्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हता. डबल क्लच मारायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. रेस कमी पडली की खर्रर आवाज, आणि दांडा तळहातावर उलटा मारायचा. दोन दिवस मनगट दुखायचं. त्याला चूक म्हणतात, कारण तिथे गिअर पडतच नाही.

कारमध्ये ती भानगड केव्हाच संपली. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणला. पितळी कडी आधी गिअरला घासून दोघांचा वेग सारखा करते, मग दात बसतात. दांडा हळू ढकललात तर ती क्षणभराची अडवणूक बोटांना कळते. तिथे जोर लावायचा नाही, नुसता दाब धरून ठेवायचा. दांडा आपणहून आत जातो.

पण सिंक्रो जुळवतो तो गिअरबॉक्सच्या आतला वेग. इंजिन क्लचच्या पलीकडे असतं, त्याच्याशी सिंक्रोचा संबंध नाही. तेव्हा तुमची ती टिचकी गिअरबॉक्ससाठी नाही. क्लचसाठी आहे, आणि मागे बसणाऱ्यांसाठी.

डी मोड
ऑटोमॅटिक घ्या, विषय संपला.

दहाचाकी
आलेच हे.

डिझेलवाली
माझ्या डिझेलमध्ये टिचकीचा खेळ मला तरी जमला नाही. इंजिन सावकाश वर येतं, तोवर मी क्लच सोडलेला असतो. कमी पडली तर गाडी अडखळते, जास्त झाली तर पुढे उसळते. क्लच पकडायला लागला की तिथे क्षणभर थांबून सोडते, कुणाची तक्रार नाही.

उलट गिअर उतरवायचा कंटाळा करणारे मला जास्त खटकतात. चौथ्यात हजार आरपीएमला गाडी कण्हतेय, डॅशबोर्ड थरथरतोय, आणि हे वर एक्सिलेटर दाबतायत. रेसचं नंतर बघू, आधी गिअर तरी उतरवा.

तिसरा गिअर
निसानने २००९ च्या ३७०झेडमध्ये हीच टिचकी संगणकाकडे सोपवली. गिअर उतरवलात की गाडी स्वतः रेस देते. उगाच का कुणी एवढी मेहनत करेल?

ग्रीसचे हात
स्पोर्ट्‌स कार आहे ती. आणि त्यातही ते बटण दाबून बंद करता येतं. तुमच्या आईंना विचारा, त्यांना कुठली गाडी हवीय.

शिकवणीवाला
आईंवरून आठवलं. त्या सीट नक्की केव्हा धरतात, हे आरशात बघितलंय का कधी? की गचका तिथेच असणार असं तुम्हीच धरून चाललात?

तिसरा गिअर
दोन दिवस बघितलं. लिहायला लाज वाटतेय. गिअर उतरवताना ती आता खिडकीबाहेर बघत असते. पहिल्यातून दुसरा टाकताना मात्र अजूनही धरते. प्रत्येक वेळी. १२ वर्षं मी भलत्याच गिअरला दोष देत होतो.

ग्रीसचे हात
आता बोललात. तुमचाच हिशोब उलटा करा. पहिल्यात २५०० ला गिअर बदललात तर दुसऱ्यात लागतात १४०० च्या आसपास. म्हणजे इथे रेस खाली यायची वाट बघायची असते. हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पाय काढला तरी रेस लगेच पडत नाही, धूर आटोक्यात राहावा म्हणून कॉम्प्युटर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) सावकाश मिटतो. इंजिन अजून २००० वर आणि तुम्ही क्लच सोडून मोकळे. गाडी पुढे ढकलणारच.

दांडा मुठीत आवळू नका. न्यूट्रलमध्ये किंचित थांबा, आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा, मग तळहाताने सरळ मागे ओढा. पहिले काही दिवस उशीर होतोय असं वाटेल, वाटू द्या.

दहाचाकी
म्हणजे उतरवताना टिचकी, चढवताना थांबा. इतके दिवस दोघं एकाच गोष्टीवर भांडत होतात.

शिकवणीवाला
टिचकी पहिल्या आठवड्यात नाहीच शिकवणार, हे लिहून ठेवा.

तिसरा गिअर
ठेवलं. उताराचं माझं म्हणणंही लिहून ठेवा.

आज थांबून दुसरा टाकला. आईने सीट धरली नाही. फक्त पुढे वाकून विचारलं, "गाडी बंद पडली का रे?"

ग्रीसचे हात
थोडं जास्त थांबलात.