परदेशातले फिलिपिनो उत्सव : वारशाची जपणूक की नुसता देखावा?

गलबत :
12 जून 1898 रोजी एमिलिओ आगिनाल्दो यांनी काविते प्रांतातल्या आपल्या घरी फिलिपिन्सचे स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानिमित्त न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर दर जूनमध्ये मोठी मिरवणूक निघते आणि इतर अनेक शहरांतही समारंभ होतात. या समारंभांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. सगळीकडे साचा एकच : बांबूंच्या ठोक्यांमधून पावले टाकायचा तिनिक्लिंग नाच, अंगात बारोंग हा फिलिपिनो पारंपरिक सदरा आणि शेवटी जेवणावळ. ज्या वस्तूचा गौरव चालला आहे ती घडते कशी, याची चौकशी कोणी करत नाही.

उंची बारोंग ज्या पिन्या कापडाचा शिवतात, ते आक्लान प्रांतात कालिबोच्या आसपास विणले जाते. तेथील बाया अननसाचे लांब पान फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या तुकड्याने खरवडून त्यातला तंतू काढतात, तो धुऊन वाळवतात आणि केसाएवढ्या बारीक तंतूंची टोके एकेक करून हाताने गाठतात. तेव्हा कोठे मागावर चढवण्याजोगे सूत होते. युनेस्कोने 2023 मध्ये या विणकामाची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. मी समारंभांत पाहिलेले बहुतेक बारोंग मात्र यंत्रावरच्या कृत्रिम धाग्याचे होते. याला जपणूक म्हणावे काय?

पारिजात :
आपला आक्षेप सुखवस्तू लोकांच्या मिरवणुकीपुरता ठीक आहे, पण परदेशस्थ फिलिपिनो म्हणजे केवळ मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू नव्हे. मी काही वर्षे हाँगकाँगमध्ये होते. तेथे घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांची संख्या दोन लाखांच्या आसपास असून कायद्याने त्यांना मालकाच्याच घरात राहावे लागते, त्यामुळे आठवड्याच्या सुटीला बसायला स्वतःची अशी जागा नसते. रविवारी सेंट्रल भागातला चेटर रोड वाहनांना बंद असतो. त्या रस्त्यावर आणि एका बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरून त्या गटागटाने बसतात, डबे उघडतात, एकमेकींचे केस विंचरतात, घरी पाठवायची खोकी भरतात आणि नाचाच्या तालमीही करतात. त्यांच्या अंगावरचे कापड अननसाचे की पॉलिस्टरचे, हा प्रश्न त्यांना विचारण्याचे धाडस मला तरी झाले नसते. सहा दिवस दुसऱ्याच्या घरात राबणारी बाई सातव्या दिवशी आपल्या बोलीत मोठ्याने हसते, हीच तिची जपणूक आहे.

जुना_नकाशा :
पारिजात यांच्या भावनेचा आदर आहे, परंतु मूळ प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत फिलिपिनो विद्यार्थी जे वार्षिक सांस्कृतिक कार्यक्रम करतात, त्यांचा आराखडा बव्हंशी 1957 साली मनिलात स्थापन झालेल्या ‘बायानिहान’ या नृत्यसंस्थेकडून आलेला आहे : डोंगराळ भागाचे नाच, स्पॅनिश वळणाचे नाच, मुस्लिम नाच, खेड्यातले नाच, असे ठरावीक कप्पे. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरील मरानाव या मुस्लिम समाजाचा सिंगकिल नाच या साच्यात ‘मुस्लिम’ कप्प्यात जातो आणि रंगमंचाला शोभेल अशी राजपुत्र-राजकन्येची प्रेमकथा होऊन बाहेर पडतो. स्वतः मरानाव लोकांनी या रूपावर हरकत घेतली आहे. म्हणजे परदेशातली मुले ज्याला आजी-आजोबांचा ठेवा समजून घाम गाळतात, तो पुष्कळदा राजधानीने साऱ्या देशाच्या वतीने केलेला संपादित सारांश असतो. दोष परदेशाचा कमी आणि मनिलाचा अधिक, हे गलबत यांनीही लक्षात घ्यावे.

सडेतोड :
गलबत आणि जुना_नकाशा, मला तुम्हा दोघांचाही मुद्दा पटत नाही, कारण दोघेही कोठेतरी एक असंपादित मूळ आहे असे गृहीत धरता. सेबू शहरातला सिनुलोग उत्सव घ्या. त्याच्या केंद्रस्थानी असलेली बाळ येशूची मूर्ती 1521 मध्ये दर्यावर्दी मॅगेलनने सेबूच्या हुमाबोन राजाच्या राणीला भेट दिली, असे मानले जाते. आजची भव्य स्पर्धात्मक मिरवणूक मात्र 1980 पासूनची आहे. म्हणून तेथे जमणाऱ्यांची भक्ती खोटी ठरते काय? आणखी मागे जायचे तर लगुना प्रांतात सापडलेला ताम्रपट पाहा. भाषा जुनी मलय, लिपी कावी, मजकूर कर्जमाफीचा आणि मिती शके 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार! (पंचांग उघडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मिती वाचून क्षणभर घरचेच पत्र आल्यासारखे वाटते.) अकराशे वर्षांपूर्वीही या बेटांवर बाहेरून आलेले वापरून आपले व्यवहार चालत होते.

गलबत :
सडेतोड यांनी शुद्धतेचा वाद माझ्या गळ्यात घातला. तो माझा नव्हे. माझा प्रश्न पैशाचा आणि हुन्नराचा आहे. फिलिपिन्सने 1992 मध्ये कायदा करून पारंपरिक कारागिरांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला आणि त्यासोबत आपली विद्या पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारीही ठेवली. अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे त’नालाक कापड विणणाऱ्या त’बोली समाजातल्या लांग दुलाय यांना तो 1998 मध्ये मिळाला. एक मिरवणूक सजवायला जो खर्च होतो, त्यातला काही भाग अशा मागांवरच्या मागणीत वळला तर माझा विरोध तेथेच संपतो.

पारिजात :
मागणी वळवा, अवश्य वळवा. मीही पिन्याचा एक रुमाल जपून वापरते. पण समारंभाच्या सभागृहांना निरुपयोगी ठरवू नका. कॅलिफोर्नियातल्या डिलानो येथे 8 सप्टेंबर 1965 रोजी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांतले काम थांबवले आणि आठवडाभराने शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ यांचे मेक्सिकन सहकारी त्यांना येऊन मिळाले. त्या संपाचे जेवण आणि बैठका फिलिपिनो समाजाच्याच सभागृहात होत असत. एरवी एकत्र जेवायला आणि सण साजरे करायला जमणारे लोक नसते, तर त्या दिवशी तेथे कोण जमले असते?