माळवद इथं, कौलं तिथं

लातूरहून जाऊन कोकणात समुद्राकाठी घर बांधताय, तर आपल्यासारखाच सपाट स्लॅब टाकू का, असं विचारलंय तुम्ही. नका टाकू, दादा. आपली माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, कमी पावसाची. तिथं उतरतं कौलारू छप्परच हवं. भिंतींना जांभा, म्हणजे तिथला तांबडा दगड, घ्या, गवंडी गावातलेच बघा.

काँक्रीटला खाडीची वाळू, खारं पाणी अजिबात नको. आतली सळई गंजून फुगते न् वरचं काँक्रीट फुटतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली माणसं गेली, ते मी पाहिलंय, म्हणून एवढं कळकळीनं सांगतो.

जागेचा इसार देण्याआधी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचा, नकाशा बघाच. विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं, म्हणजे तिथं नवं घर बांधता येत नाही. त्यातली सवलत तिथल्या मच्छीमारांना आहे, आपल्याला नाही.