आईचा टीएसएच एकदम ०.०४ आलाय, गोळी बंद करू का?

सांगलीची_लेक:
आई ६४ वर्षांची. थायरॉईड कमी पडतं म्हणून बरीच वर्षं थायरॉक्सिनची ७५ ची गोळी चालू आहे, सकाळी उपाशीपोटी, न चुकता. टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन, थायरॉईड जास्त झालं की हा कमी होतो) दरवर्षी दोन-अडीचच्या आसपास असतो. या वेळी ०.०४! फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन) आलाय ३.१ (रिपोर्टवर नॉर्मल ०.९३ ते १.७ छापलंय). लॅबमधल्या मुलीनं फोनवर "हायपर झालंय", म्हणजे थायरॉईड जास्त झालंय, म्हटल्यापासून घरात कुणाला चैन नाही. डॉक्टर परगावी आहेत, सोमवारी भेटतील. आईला मात्र काहीच होत नाहीये. धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन होतं तेवढंच, निवांत लोणचं घालत बसलीये. मावशी म्हणते गोळी आजपासून बंद. करू का?

पुणेरी_पेशंट:
माझ्या मते फुल थायरॉईड पॅकेज करून घ्या, रिव्हर्स टी-३ सकट. मला त्यातूनच कळलं की माझ्या शरीरात टी-४ चं टी-३, म्हणजे खरं काम करणारं हार्मोन, नीट होत नाही. नुसत्या टीएसएचवर काही ठरत नसतं.

निवृत्त_लॅबवाला:
ताई, मावशींना सांगा, थांबा. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यांच्या दवाखान्यात फोन करून आकडे मात्र आजच कळवून ठेवा.

आता मला खटकलं ते सांगतो. गोळी तीच, ग्रंथी थकलेली, मग एवढा टी-४ आला कुठून? होतं असं, नाही असं नाही. ग्रंथीला सूज आली तर साठा रक्तात उतरतो. पण मग माणूस लोणचं घालत निवांत बसलेला सहसा दिसत नाही. रिपोर्ट आणि पेशंट असे दोन दिशांना तोंड करून उभे असले की मी आधी रिपोर्टवर संशय घेतो. आई केसांसाठी, नखांसाठी काही घेतात का? डबी बघून सांगा.

सांगलीची_लेक:
अय्या, हो! केस फार गळतात म्हणून दोन महिन्यांपासून घेतेय. डबीवर बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. पण ते तर व्हिटॅमिन आहे ना?

निवृत्त_लॅबवाला:
व्हिटॅमिनच. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, तुमच्या डबीत त्याच्या तीनशेपट आहे. आईला त्यानं अपाय झालाय असं नाही, पण मशीन फसलं असण्याची दाट शक्यता आहे.

टीएसएच मोजताना दोन अँटिबॉडी वापरतात. एकीला बायोटिन चिकटवलेलं, दुसरीला उजेड देणारा पदार्थ. दोघी मिळून टीएसएचला मधे धरतात. मग स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेले बारीक मणी त्या बायोटिनला पकडतात, बाकीचं धुऊन जातं आणि उरलेला उजेड मोजला जातो. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तशा मण्यांवरच्या जागा ते आधीच अडवून बसतं. खरा टीएसएच धुण्यात जातो, उजेड कमी, आकडा कमी.

खरी गंमत फ्री टी-४ ची. ती टेस्ट स्पर्धेची, म्हणजे रक्तातलं हार्मोन आणि टेस्टमधलं हार्मोन एकाच अँटिबॉडीसाठी भांडतात; तिथं उजेड कमी म्हणजे रक्तातलं हार्मोन जास्त असा हिशेब. म्हणजे त्याच कारणानं तो आकडा वर जातो. टीएसएच खाली, टी-४ वर, हुबेहूब ग्रेव्ह्ज डिसीज, म्हणजे थायरॉईड जास्त चालण्याचा आजार! एकच आकडा बिघडला असता तर कुणीतरी थबकलं असतं. इथं दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून भले भले फसतात.

आम्ही परळला रेडिओइम्युनोॲसे (किरणोत्सारी पदार्थ वापरून हार्मोन मोजायची जुनी पद्धत) करायचो तेव्हा ही भानगड नव्हती. आयोडीन-१२५, सेंट्रिफ्यूज, गॅमा काउंटर, आणि रिपोर्टला उशीर झाला म्हणून ऐकून घ्यायच्या शिव्या. आमच्या त्या पद्धतीत बायोटिनचा सापळाच नव्हता. आताही सगळी मशिनं अशी नाहीत, आणि काही कंपन्यांनी रीएजंट, म्हणजे टेस्टची रसायनं, सुधारलेत. म्हणून लॅबला विचारा: टेस्ट बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर आहे का? डॉक्टर हो म्हणाले तर केसांची गोळी निदान दोन दिवस, मी म्हणेन तीन-चार, बंद ठेवून रक्त पुन्हा द्या. थायरॉक्सिन चालूच. त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घेतली तर बरं, फ्री टी-४ काही तास थोडा चढतो.

पुणेरी भाऊ, टी-४ च्या रेणूत दोन कडी आणि त्यांवर आयोडीनचे चार अणू असतात. बाहेरच्या कड्यावरचा एक काढला की टी-३, आतल्यावरचा काढला की रिव्हर्स टी-३, जो जवळपास निकामी. आजारपणात, उपासमारीत शरीर मुद्दाम दुसऱ्या वाटेनं जातं, खर्च वाचवायला. गोळीवर असलेल्या माणसाचा डोस ठरवायला ती टेस्ट लागत नाही. पॅकेजवाल्यांना लागते.

पुणेरी_पेशंट:
काका, टोमणा पोचला. पण मला अजूनही थकवा असतो, त्याचं काय?

निवृत्त_लॅबवाला:
हिमोग्लोबिन, बी-१२, झोप. आधी तिकडे बघा.

सांगलीची_लेक:
डॉक्टरांनी बायोटिन थांबवून पुन्हा तपासायला सांगितलं. टीएसएच २.४, फ्री टी-४ १.३! गोळी ७५ च ठेवलीये. आई विचारतेय, केसांची परत सुरू करू का?

निवृत्त_लॅबवाला:
त्यानं केस येतात का ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा, मला टक्कल आहे. घेतलीच तर रक्त द्यायच्या आधी थांबवायची आणि फॉर्मवर लिहायचं. आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: हार्ट ॲटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची टेस्टही काही मशिनांवर याच तऱ्हेची असते, आणि तिथं आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएनं नोव्हेंबर २०१७ मध्ये इशारा दिला तेव्हा अशा खोट्या कमी ट्रोपोनिननंतर दगावलेल्या एका पेशंटची नोंद त्यात होती. छातीत दुखतंय म्हणून कधी कॅज्युअल्टीत जायची वेळ आली, तर बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर ही डबीही दाखवायची.