एकटा ब्रोमोडोमेन पुरत नाही
डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रोटीनांवर अ‍ॅसिटिलसारख्या रासायनिक खुणा असतात; ब्रोमोडोमेन म्हणजे जनुकं नियंत्रित करणाऱ्या प्रोटीनचा (रेग्युलेटरचा) अ‍ॅसिटिल खूण ओळखणारा भाग. 'ब्रोमोडोमेनला अ‍ॅसिटिल खूण सापडली की रेग्युलेटर तिथे घट्ट बसतो' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. सुट्या डोमेनची पकड बहुधा मायक्रोमोलर पातळीची, म्हणजे ढिलीच. जोर येतो दोन-तीन डोमेन एकदम लागू झाले की. बीपीटीएफ या रेग्युलेटरचं बघा: त्याचं पीएचडी फिंगर (खूण ओळखणारा आणखी एक डोमेन) एच३ हिस्टोनच्या के४ (चौथ्या लायसिन) वरची ट्रायमिथाइल खूण धरतं, शेजारचा ब्रोमोडोमेन एच४ च्या के१६ वरचं अ‍ॅसिटिल, आणि हे एकाच न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनांभोवती डीएनएचं एक वेटोळं).

म्हणून पुलडाउनला (डोमेन मण्यांवर अडकवून त्याला काय चिकटतं ते बघण्याच्या प्रयोगाला) जीएसटी टॅग, म्हणजे डोमेनला जोडलेलं जीएसटी प्रोटीन, जपून वापरा. जीएसटी मुळात जोडीनेच राहतं, त्यामुळे डोमेनही दोन-दोन येतात आणि पकड फुगलेली दिसते. हिस-टॅगवर (हिस्टिडिनची छोटी शेपटी) ताडून घ्या. कंट्रोलला बीआरडी४ या प्रोटीनच्या पहिल्या ब्रोमोडोमेनमधलं १४० वं अ‍ॅस्परॅजिन बदललेलं, म्हणून खूण नीट धरू न शकणारं प्रोटीन ठेवा. तेही चिकटत असेल तर वॉशमधलं मीठ १५० मिलिमोलरवरून हळूहळू वाढवा. एकदम ५०० वर उडी नको, खरी पकडही धुऊन जाईल.

पेशींतून क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोनांची गुंडाळी) काढत असाल तर बफरमध्ये ५-१० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट हवंच, ते अ‍ॅसिटिल काढणाऱ्या डीअ‍ॅसिटिलेज एन्झाइमांना रोखतं. मुंबईच्या मे महिन्यात टेबलावरचा बर्फ बघता बघता पाणी होतो आणि डीअ‍ॅसिटिलेज तेवढ्यात खुणा पुसून मोकळे. मग दोष उगाच खूण शोधणाऱ्या अँटिबॉडीला.