पहिली बाग, पहिलं वर्ष: काय उगवलं, काय मेलं?

मागच्या वर्षी मे महिन्यात मी नर्सरीतून टोमॅटोची सहा रोपं, पुदिना, एक मोगरा आणि बारा रिकाम्या कुंड्या एकाच रिक्षातून घरी आणल्या. पुण्यात आमची गॅलरी उत्तरेची आहे. मेमध्ये सकाळी तिथं छान तिरपं ऊन येत होतं, ते बघूनच भुलले. सूर्य उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकलेला असतो आणि हे ऊन पाहुणं आहे, हे डोक्यातच आलं नाही. मग पावसाचे ढग आले आणि ते हटेपर्यंत ऊन निघून गेलं. टोमॅटो कमरेएवढे वाढले, काड्यांसारखे, फूल म्हणून नाही. मोगऱ्याला नुसती पानं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, तिथं माझे पापड वाळत नाहीत, तुझे टोमॅटो कुठून लागायचे?"

पुदिना तेवढा जगला, तोही भाजीवाल्याच्या जुडीतल्या दोन काड्या पाण्यात ठेवून वाढवलेला. नर्सरीतला विकत घेतलेला मेला.

तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं? भाजी, फुलं, तुळस-गवती चहा, काहीही चालेल. भरलेल्या टोपल्यांबद्दल लिहाच, पण मेलेल्या झाडांबद्दल जरा जास्त लिहा.

ठाणे, चौथा मजला

माझी कथा कोथिंबिरीची. डब्यातले धणे तसेच पेरले. सहाव्या दिवशी काही दिसेना म्हणून बोटानं उकरून पाहिलं, आठव्या दिवशी परत उकरलं. मग आईला फोन. एका धण्यात दोन बिया असतात, तो लाटण्यानं हलका रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचा आणि मग पेरायचा, हे तिनं "एवढंही माहीत नाही का तुला" या सुरात सांगितलं. तसं केल्यावर दहाव्या दिवशी हिरवी रेघ दिसली. एप्रिलमध्ये पेरली होती, त्यामुळे वीतभर होण्याआधीच फुलोऱ्यावर आली. दिवाळीच्या सुमारास पेरलेली मात्र तीनदा कापून खाल्ली.

मेथीत एवढं नाटक नाही. मूठभर दाणे पेरा, चौथ्या दिवशी वर, पंचविसाव्या दिवशी पोळीबरोबर.

खरा शत्रू कबूतर. मेथीच्या कुंडीत चार काड्या टाकून दोन अंडी घातली. आता बाळंतिणीला हाकलणार कसं? दीड महिना ती कुंडी तिची आणि गॅलरीचं दार बंद.

देवगडजवळ, घरामागचं परसू

मुंबईची नोकरी सोडून गावी आलो तेव्हा वाटलं होतं, कोकणात काय, काठी खोचली तरी पालवी फुटते. पहिल्या जूनमध्ये सपाट वाफे करून भेंडी आणि मिरची लावली. मृगाच्या तिसऱ्या दिवशी असा पाऊस झाला की वाफे, शेणखत आणि बियाणं सगळं खालच्या शेजाऱ्याच्या माडांना पोचलं. त्याचे माड त्या वर्षी छान होते. चुलती एवढंच म्हणाली, "गेली ती माती परत येवची नाय."

मग तिनं दाखवल्याप्रमाणे माती ओढून वीतभर उंच वरंबे केले, भोवती पाट काढला आणि वर सुका पाला पसरला. वेल मात्र मांडवावर. पडवळ, काकडी, दुधी.

दुध्यानं रडवलं. फुलं भरपूर, दुधी एकही नाही. बोटाएवढा व्हायचा, पिवळा पडायचा, गळायचा. मी खत वाढवलं, पानं आणखी मोठी झाली. शेवटी कळलं की आधी येतात ती सगळी नर फुलं. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नराच्या मागे नुसता दांडा. आणि दुध्याचं फूल उमलतं संध्याकाळी, मी बघायला जायचो सकाळी! त्यातून रात्री पाऊस असला की परागावर पाणी. मग तिन्हीसांजेला पाऊस उघडला की विजेरी घेऊन परसात जायचं, एक नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधोमध टेकवायची. बायको म्हणायची, भटजी निघाले लग्न लावायला. त्या हंगामात अकरा दुधी झाले. लाल भोपळ्याचं मुहूर्त उलटं, त्याची फुलं सकाळी उघडतात.

मग माकडं आली. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, आत्ता रक्तदाब वाढवून घ्यायचा नाही.

सोलापूर

सुक्या लाल मिरचीच्या बिया पेरल्या. चाळीस उगवल्या. जीव होईना म्हणून एकही उपटली नाही. एकाच कुंडीत. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

नागपूर, गच्ची

आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या गच्चीवर ठेवणं म्हणजे मुळं उकडायला ठेवणं. पहिल्या मे महिन्यात मी दुपारी दोनला पाणी घालत होतो, दयेपोटी. पाइपातलं पहिलं पाणी चहाला चाललं असतं. वांगी, मिरची, कढीपत्ता, सगळं आठवड्यात गेलं.

दुसरी चूक मातीची. शेतातली काळी माती फुकट मिळाली म्हणून कुंड्या तिनंच भरल्या. ओली असताना चिखल, वाळली की कुंडीपासून सुटते आणि पाणी कडेनं सरळ खाली. झाड मधल्या ढेकळात तहानलेलं. आता एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग धानाचं तूस. वर बोटभर तणस, म्हणजे भाताचा पेंढा. एप्रिल ते जून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, पाणी सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी. टोमॅटोचा नाद उन्हाळ्यात सोडला. ३५ अंशांच्या वर त्याची फुलं गळतात, तुम्ही कितीही लाड करा. ऑगस्टमध्ये रोप टाकायचं, थंडीत खायचं.

आणि वजन! २०० लिटरचा ड्रम आडवा कापून त्याचा एक अर्धा भाग काठोकाठ भरला तर ओल्या मातीसकट दीडशे किलोच्या आसपास जातो. मी असे सहा गच्चीच्या मधोमध ठेवले होते. खालच्या खोलीत ओल आल्यावर वडिलांनी एक शब्दही न बोलता छताकडे बोट दाखवलं. आता ड्रम भिंतींवर, म्हणजे तुळईच्या रेषेत, आणि खाली विटा.

कोल्हापूर, बैठं घर

मला भाजीत रस नाही, फुलंच. झेंडूला बी विकत घेतलं नाही. दसऱ्याच्या तोरणातली फुलं सुकवली, पाकळीच्या बुडाशी काळी काडी असते तेच बी. जुलैत पेरलं. आली, पण काही गेंदेदार तर काही अगदी एकेरी पाकळीची, कारण तोरणातला झेंडू बहुधा संकरित असतो. मला ती साधी जास्त आवडली. मधमाश्यांनाही.

शेवंतीचा घोळ मजेशीर. सारख्या आठ कुंड्या, एकाच दिवशी लावलेल्या फुटव्यांच्या. तुळशीच्या लग्नापर्यंत पाच भरून फुलल्या, फाटकाजवळच्या तीन नुसत्या हिरव्या. खत, पाणी, बुरशी, सगळं तपासलं. कारण होतं रस्त्यावरचा दिवा. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, आणि त्या तिघींना रात्रच होत नव्हती. घरामागे हलवल्या, मग उशिरानं कळ्या धरल्या.

डिचोली, गोवा

तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. बी मोहरीपेक्षा बारीक, नुसतं फेकलं की एका जागी झुबका पडतो आणि मुंग्या ओढून नेतात ते वेगळंच. राख आणि बारीक वाळूत मिसळून पेरायचं. माझा पहिला वाफा मुंग्यांच्या वारुळाभोवती गोल उगवला, इतका सुंदर की वाटावं मुद्दाम काढला. महिन्याभरात खायला तयार. कांदा आणि वर नारळाची सोय (खवलेलं खोबरं), बस.

न्यू जर्सी

इथं मेच्या मध्याआधी टोमॅटो बाहेर लावू नये म्हणतात, मदर्स डेची खूण धरतात. मी एप्रिलमधल्या दोन उबदार दिवसांना फसले. एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवरानं सगळं काळं. तुळस स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. तिला ऑक्टोबरातच आत घ्यावं लागतं, आणि ती आत रुसते. पानं गाळते, नुसत्या मंजिऱ्या धरते.

मेथी मात्र इथल्या वसंतात अशी येते की पुण्याच्या मंडईला लाज वाटावी. मग कुंपणाखालून बीळ करून ग्राउंडहॉग आला. मांजरापेक्षा मोठा, बसकट, निर्लज्ज. त्यानं वाफा एका सकाळी देठापर्यंत साफ केला. आता जाळी जमिनीत फूटभर खोल आणि बाहेरच्या बाजूला वळवलेली.

दादर, खिडकीतली जाळी

चवळीच्या वेलावर काळा मावा, त्यावर मुंग्या, आणि दोन दिवसांनी काळ्या-नारिंगी काटेरी अळ्या दिसल्या. घाबरून एकेक चिमट्यानं वेचून मारल्या. नंतर मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चित्र दिसलं: ती चित्रांग भुंग्याची (लेडीबर्डची) पिल्लं, माव्याचा फडशा पाडणारी. माझ्याकडे फौज आली होती आणि मीच तिला मारलं. मावा उरला. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. तीनदा करावं लागलं.

ता.क. ज्याला सगळे ओवा म्हणतात ते जाड, लवदार पान मसाल्याच्या ओव्याचं नाही. मी वर्षभर त्याला बी यायची वाट बघत होते.

पुणे, उत्तरेची गॅलरी

नागपूरकर, तूस इथं मिळेल का? आणि पुदिन्याशेजारी आता अळू लावलाय. मोगरा मावशीच्या गच्चीवर पाठवला, तिथं मार्चमध्ये फुलला, मला फोटो येतात.

नागपूर, गच्ची

तूस धानाच्या गिरणीत मिळतं. मावळात, मुळशीत भाताच्या गिरण्या आहेत, पोतं घेऊन जा. पण ताजं असेल तर आधी महिनाभर ओलं करून ठेवा, आणि त्यात राहिलेले दाणे उगवतात ते उपटून टाका. मी उपटले नाहीत, माझ्या वांग्याच्या कुंडीत सध्या भात आहे.