सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतच छाती का आवळते? (सूतगिरणी, कार्डिंग खातं)

कार्डिंगवाला
आधी ब्लोरूमला (रुईच्या गाठी फोडतात तिथे) होतो, आता बरीच वर्षं कार्डिंगला (रुई विंचरतात तिथे). आठवडी सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होऊन दोन-तीन तास होतात न होतात तोच छाती आवळायला लागते, कोणीतरी पट्टा ओढून बांधावा तशी. खोकला कोरडा. ताप नाही, बेडका नाही. घरी गेलो की रात्री कधीतरी मोकळं होतं.

डोकं चक्रावतं ते पुढे. तेच मशीन, तीच धूळ, पण दुसऱ्या दिवशी त्रास कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी आणि आठवड्याच्या शेवटी मी ठणठणीत. सुट्टी झाली की परत पहिले पाढे पंचावन्न. धुळीचा त्रास असेल तर तो रोज वाढायला हवा ना? सुपरवायझर म्हणतो, सुट्टीत लोळून अंग जड होतं. एक्सरे साफ आला, खोकल्याचं औषध मिळालं. काम काय करता, हे दवाखान्यात कोणी विचारलं नाही. विडी ओढतो, कमी केली आहे. तोंडाला रुमाल असतो. तो पुरे का?

जुना_जॉबर
भाऊ, आमच्या खात्यात निम्म्या लोकांना हे व्हायचं. नव्या पोरांना आम्ही सांगायचो, सवय होईल. जास्त मनावर घेऊ नका.

पाळीची_डॉक्टर
जॉबरसाहेब, मनावर घ्यायलाच हवं. ‘सवय’ होते ती आठवड्यापुरती. फुफ्फुसाची झीज आतून चालूच राहते.

कार्डिंगवाले, तुम्ही सांगितलंत ते बिसिनोसिसचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. पक्कं निदान तपासल्यावरच होईल, पण रोख तिकडे आहे. कापूस, जवसाचे तंतू (फ्लॅक्स) आणि हेम्प यांच्या धुळीत काम करणाऱ्यांना हा आजार होतो, साधारणपणे बऱ्याच वर्षांनी. मुख्य संशय रुईच्या तंतूवर नाही, तिच्याबरोबर येणाऱ्या ट्रॅशवर आहे: बोंडाभोवतीची सुकी पानं, काडीकचरा आणि त्यावर वाढलेले जीवाणू. त्या जीवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन श्वासनळ्यांना सूज आणतं. गाठ फुटते आणि कचरा झडतो तो ब्लोरूम-कार्डिंगमध्ये, म्हणून सगळ्यात जास्त त्रास तिथे.

कामाच्या ठिकाणचा दमा बहुतेक वेळा आठवडाभर वाढतो आणि सुट्टीत उतरतो. तुमचं उलटं आहे. रोजच्या माऱ्यात शरीर काही दिवस प्रतिसाद कमी देतं, सुट्टीत ती ढाल उतरते आणि पहिल्या पाळीत पुन्हा फटका बसतो. शिलिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५०च्या दशकात गिरणी कामगारांना तपासून याच्या पायऱ्या लावल्या. आधी फक्त पहिल्या दिवशी आणि तेही कधीमधी, मग दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी कायमची धाप. तुम्ही आज जिथे आहात तिथून धूळ तुटली तर बहुतेकांना आराम पडतो. शेवटच्या पायरीवरून परत येता येत नाही. विडी हे सगळं लवकर आणते.

एक्सरे साफ आला यात नवल नाही, यात तो बहुधा साफच असतो. तुम्हाला हवी आहे ती स्पायरोमेट्री, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजणं. तीही सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी एकदा आणि त्याच पाळीत निदान चार तास काम झाल्यावर पुन्हा. अमेरिकेत कापूस-धुळीचा १९७८चा नियम अशीच तपासणी सांगतो. पाळीत ५ टक्के किंवा २०० मिलिलिटर घट दिसली तर त्या कामगाराची तपासणी दर सहा महिन्यांनी. आठवड्याच्या मधल्या दिवशी तपासलंत तर सगळं छान दिसेल आणि तुम्ही हात हलवत परत याल.

फिटर_रात्रपाळी
डॉक्टरांचं बरोबर, पण मुळात धूळ उडते का ते बघा. कार्डच्या सक्शनच्या (धूळ ओढणाऱ्या) नळीत फ्लाय, म्हणजे उडणारे बारीक तंतू, अडकून गठ्ठा होतो. मशीन चालू दिसतं, ओढ मात्र मेलेली. झाकणाच्या फटीशी सुताचा तुकडा धरा. आत ओढला गेला तर ठीक. नुसता लोंबकळला किंवा बाहेर उडाला तर नळी किंवा फिल्टर चोक आहे, मेंटेनन्सच्या वहीत लिहायला लावा. आणि पाळी संपताना हवेच्या पाइपने मशीन झाडायची पद्धत असेल तर ती बंद करा. खाली बसलेली सगळी धूळ तुम्ही परत नाकाच्या उंचीवर आणता. व्हॅक्यूमने ओढा. नव्या पोरांना हवा मारायला मजा वाटते, काय करणार.

पॉलिशवाला
मी दगडाच्या पॉलिशला आहे. आमच्या सिलिकाचं (दगडाच्या बारीक धुळीचं) उलटं, एक्सरेत डाग दिसतात पण उशिरा, आणि दिसले की माघार नाही. वर टीबी लवकर धरतो. एवढंच सांगतो, डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडकते. चार मायक्रॉनच्या आसपासची दिसतही नाही आणि थेट खोल जाते. रुमाल तिला अडवत नाही.

कार्डिंगवाला
सुताचा तुकडा धरून पाहिला. माझ्या मशीनच्या डाव्या बाजूला नुसता लोंबकळतो. वहीत लिहिलं. मॅडम, स्पायरोमेट्री मिळेपर्यंत काय करू? दाढी आहे, मास्क चालेल का?

पाळीची_डॉक्टर
दाढीवर एन-९५ किंवा एफएफपी-२ नीट बसत नाही, कडेने हवा आत येते. दाढी काढा, आणि मास्क असला तरी सक्शनचा पाठपुरावा सोडू नका. तोवर फुंकर मारायचा पीक फ्लो मीटर घ्या. उभं राहून पूर्ण श्वास घ्या, एका झटक्यात जोरात फुंका. तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा लिहा. जागे असताना दर दोन तासांनी, निदान दिवसातून चार वेळा, सुट्टीच्या दिवशीही, असे चार आठवडे. शेजारी पाळी, मशीन आणि विडी लिहा. तो कागद घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य ‘मी कार्डिंगला काम करतो’ हेच सांगा. मीटर मध्येच बदलू नका, दोन मीटरचे आकडे जुळत नाहीत.